रोस्टर कपाटात, कुरबुर कँटीनमध्ये

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका निमशासकीय संस्थेत आस्थापना शाखेचे प्रमुख म्हणून नुकतेच रुजू झालेले अधिकारी विचारतात: कार्यालयात आरक्षणावरून सरळ दोन तट पडलेत. खुल्या प्रवर्गातले म्हणतात, भरतीत आणि बढतीत आमच्यावर अन्याय होतो. मागासवर्गीय कर्मचारी म्हणतात, नोकरी लागली खरी, पण टेबल वाटताना आणि शेरे लिहिताना आम्हाला डावललं जातं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. कायदा काही मला बदलता येत नाही. मग मी करायचं काय?

माझी सगळी नोकरी आस्थापनेत गेली आणि आता याच विषयावर प्रशिक्षण देतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

अन्याय झाला असं माणूस म्हणतो तेव्हा तो तीन गोष्टी एकाच वाक्यात कोंबत असतो. मला काय मिळालं, ते कसं ठरलं, आणि ठरवताना व नंतर मला कसं वागवलं. यातली पहिली गोष्ट संसद, विधिमंडळ आणि न्यायालयं ठरवतात. तिथे तुमचा काडीचाही संबंध नाही. दुसरीचे नियम वरून येतात, पण अंमल तुमच्या शाखेत होतो. तिसरी मात्र सर्वस्वी तुमच्या आणि शाखाप्रमुखांच्या हातात. मौज अशी की कँटीनमधली सगळी भांडणं पहिल्या गोष्टीवर होतात, टक्क्यांवर. जरा खोदून विचारलं की लक्षात येतं, दुखतंय ते दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी. म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर: टक्क्यांवरचा वाद सोडा, कागद उघडा.

सुरुवात बिंदुनामावलीपासून करू. ही बिंदुनामावली, म्हणजेच रोस्टर: संवर्गातलं कोणतं पद (बिंदू) कोणत्या प्रवर्गाचं हे क्रमाने नोंदवणारं रजिस्टर, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या कार्यालयातल्या किती जणांनी ते रजिस्टर डोळ्यांनी पाहिलंय, विचारून बघा. बहुतेक ठिकाणी ते आस्थापना लिपिकाच्या कपाटात असतं आणि विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्गीय कक्षाकडे, म्हणजे मावककडे, तपासणीला न्यायचं असेल तेव्हाच बाहेर निघतं. जे दिसत नाही त्याबद्दल माणूस वाईटातलं वाईट गृहीत धरतो. त्यात जातीचा प्रश्न आला की मग विचारूच नका.

एक उदाहरण घ्या, आकडे सोयीसाठी धरलेत. कनिष्ठ सहायकांचा संवर्ग, मंजूर पदं ४०. अनुसूचित जातीचे १३ टक्के म्हणजे ५.२, म्हणून ५ पदं. यंदा ६ जणं निवृत्त झाले आणि ६ जागांची जाहिरात निघाली. त्यात अनुसूचित जातीसाठी ३. दुपारच्या चहाला हिशेब सुरू होतो: ‘सहापैकी तीन! १३ टक्क्यांचे ५० टक्के कधी झाले?’ दिसायला हिशेब बरोबर आहे. आता रजिस्टर उघडा. अनुसूचित जातीचे ५ बिंदू. त्यातल्या दोघांच्या नावापुढे काही नाही, म्हणजे ते कार्यरत आहेत. तिघांच्या नावापुढे लाल शाईत ‘सेवानिवृत्त’. दोन कार्यरत, तीन रिक्त, मिळून पाच. जाहिरातीतल्या तीन जागा तिथून आल्या. टक्केवारी संवर्गातल्या पदांवर मोजायची असते, त्या वर्षीच्या रिक्त जागांवर नाही, आणि एकदा सगळे बिंदू भरले की ज्या प्रवर्गाचा बिंदू रिकामा होईल त्याच प्रवर्गातून तो भरायचा. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे स्पष्ट केलं.

आता तोच संवर्ग, तीन वर्षांनंतर. सात जागा निघतात आणि अनुसूचित जातीला एकही नाही, कारण पाचही बिंदू भरलेले आहेत. आता दुसरा तट पेटतो: ‘आमच्या जागा खाल्ल्या.’ गणित तेच, पान तेच, रजिस्टरही तेच. पहिल्या वर्षी एक गट चिडला, चौथ्या वर्षी दुसरा. दोन्ही वेळा एक पान समोर ठेवलं असतं तर निम्मा राग तिथेच ओसरला असता. उरलेल्या निम्म्याबद्दल पुढे बोलू.

हे पान दाखवताना एक काळजी घ्या. रजिस्टरमध्ये नावापुढे जात आणि वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. ते जसंच्या तसं सूचना फलकावर लावलंत तर एक दुखणं घालवायला जाऊन दुसरं मागे लावून घ्याल. संवर्गनिहाय गोषवारा लावा: मंजूर पदं, प्रवर्गाप्रमाणे देय पदं, भरलेली, रिक्त, अनुशेष. नावं नकोत. भरतीची जाहिरात निघण्याआधी हा गोषवारा लागला पाहिजे, नंतर लावलेला खुलासा वाटतो.

खुल्या प्रवर्गाबद्दलचा गैरसमजही याच वेळी काढून टाका. खुल्या जागा म्हणजे आरक्षण नसलेल्या जातींसाठी राखून ठेवलेल्या जागा, असं भलेभले समजतात. खुली जागा सगळ्यांना खुली. अनुसूचित जमातीचा उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला तर त्याने कुणाची जागा घेतलेली नसते, आणि तो राखीव कोट्यातही मोजला जात नाही. (वयाची किंवा शुल्काची सवलत घेतलेल्यांबाबत भरतीनुसार नियम वेगळे आहेत, ते सेवाप्रवेश नियमांत आणि जाहिरातीत पाहूनच उत्तर द्या.) समांतर आरक्षण त्याहून गोंधळाचं. महिलांचे ३० टक्के, दिव्यांग, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त ही आरक्षणं आडवी जातात, प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून. खुल्या प्रवर्गातल्या महिलांसाठीच्या जागेवर मागास प्रवर्गातली महिला गुणवत्तेवर येऊ शकते का, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘येऊ शकते’ असं सांगितलं. तुमच्या शाखेतल्या दोघांना तरी हे तोंडपाठ हवं, कारण निवड यादी लागल्यावर पहिला फोन याच शंकेचा येतो.

टक्केवारी काय आहे तेही सांगून टाकायला हरकत नाही. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यात सरळसेवेसाठी, म्हणजे थेट भरतीसाठी, अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) २.५, (क) ३.५, (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, एकूण ५२ टक्के. पुढे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आले. मराठा समाजाच्या आरक्षणाचा प्रवास तर सगळ्यांनीच पाहिलाय: २०१८ चा कायदा, ५ मे २०२१ रोजी तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, मग २०२४ चा १० टक्क्यांचा नवा कायदा. यावर कर्मचाऱ्यांची मतं असणारच. असू द्यात. कार्यालय ही ती मतं बदलण्याची जागा नव्हे, आणि तुमचं ते कामही नव्हे.

बढतीचा विषय जास्त चिघळलेला आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंच्या आठवणी वेगवेगळ्या काळातल्या आहेत. हे समजून घेतलं नाही तर तुम्ही मध्यस्थी करूच शकणार नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने बढतीतलं आरक्षण नाकारलं. १९९५ ची ७७ वी घटनादुरुस्ती अनुसूचित जाती-जमातींसाठी ते परत घेऊन आली. त्यातून पुढे आलेल्यांची ज्येष्ठता धरायची की मागून बढती मिळालेल्या मूळ ज्येष्ठाने पुन्हा पुढे जायचं, यावर न्यायालयात झटापट झाली आणि २००१ च्या ८५ व्या दुरुस्तीने ज्येष्ठताही दिली. २००६ मध्ये एम. नागराज निकालाने अटी घातल्या: मागासलेपण दाखवा, प्रतिनिधित्व अपुरं असल्याची आकडेवारी दाखवा, प्रशासनाच्या कार्यक्षमतेला बाधा येत नाही हे पाहा. २०१८ मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाच्या आकडेवारीची अट काढली गेली. २०२२ मध्ये याच नावाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय हवी.

आपल्याकडे २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने बढतीत ३३ टक्के आरक्षण लागू झालं. अनुसूचित जातींचे १३, अनुसूचित जमातींचे ७, आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून १३. इतर मागासवर्ग यात नव्हता, हे ओबीसी कर्मचाऱ्यांना सांगितलं की त्यांनाही आश्चर्य वाटतं. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने बढतीतली सगळी पदं २५ मे २००४ च्या स्थितीनुसार सेवाज्येष्ठतेने, न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून भरायचं ठरलं.

आता कार्यालयात बघा. खुल्या प्रवर्गातल्या वरिष्ठ लिपिकाला २००४ ते २०१७ चा काळ आठवतो. त्याच्या मागून लागलेला सहकारी त्याच्यासमोर अधीक्षक झाला आणि घरी बायकोला काय सांगायचं हा त्याला प्रश्न पडला. मागासवर्गीय लिपिकाला २०१७ नंतरचा काळ आठवतो. आता आपली पाळी म्हणेपर्यंत दार लागलं, आणि तेही कुणी नीट सांगितलं नाही. हे दोघे एकमेकांशी भांडतात तेव्हा दोन वेगळ्या दशकांबद्दल बोलत असतात. एका बैठकीत ही तारखांची यादी फळ्यावर लिहा. कुणाला काही पटवून द्यायला जाऊ नका. ‘अंतिम निर्णयाच्या अधीन राहून’ हे पदोन्नती आदेशातलं वाक्य कुठून आलं एवढं कळलं तरी आपल्याविरुद्ध आस्थापनेने कट केला ही भावना बरीच कमी होते. तुमच्या संस्थेला नेमके कोणते शासन निर्णय लागू आहेत ते मात्र आधी विधी शाखेकडून लेखी घ्या. निमशासकीय संस्थांत ‘आम्हालाही लागू असेल’ या अंदाजावर कारभार चालतो आणि मग आदेश अंगलट येतात.

कारण सांगितल्याने एवढा फरक पडतो का? पडतो. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाचा १९९० चा अभ्यास मी प्रशिक्षणात नेहमी सांगतो. एकाच कंपनीचे कारखाने. दोन ठिकाणी १० आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात, तिसऱ्या ठिकाणी काही नाही. कपात झालेल्यांपैकी एका कारखान्यात व्यवस्थापनाने सविस्तर, आकडे दाखवून, लोकांची माफी मागत कारण सांगितलं. दुसऱ्यात चार वाक्यांत उरकलं. कपात झाली तिथे दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण उरकलेल्या ठिकाणी कितीतरी जास्त. कपात सारखीच होती. आपल्या कार्यालयांत कुणी सामान चोरत नाही. फायली मात्र अडतात, आणि तोही वसूल करण्याचाच प्रकार.

आता गुणवत्तेबद्दल, कारण हा शब्द निघाल्याशिवाय ही चर्चा संपत नाही. ‘कमी मार्कांवर आलेत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझा अनुभव असा की ते ठरावीक लोकांबद्दलच बोललं जातं. अनुकंपा तत्त्वावर लागलेला लिपिक कोणतीही स्पर्धा न देता लागतो, आणि ते योग्यच आहे, कर्ता माणूस गेलेल्या घराला आधार म्हणून ती योजना आहे. पण त्याला बारावीला किती टक्के होते हे कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी तो उत्तम रोखपाल झाला की लोक त्याच्या कामाचं कौतुक करतात. राखीव जागेवर लागलेला तितकाच उत्तम रोखपाल झाला तरी एखाद्या दिवशी चूक झाली की तो राखीव जागेवर आल्याचा विषय निघतो. हा फरक कुणाच्या तोंडावर मारू नका, पण स्वतः लक्षात ठेवा. नियमाने, उघडपणे दिलेली सवलत लोकांना खुपते. जी सवलत ओळखीने, वशिल्याने, नात्यागोत्याने मिळते ती दिसत नाही म्हणून खुपत नाही.

कार्यक्षमतेबद्दलही ठोकताळ्यांवर बोलण्याची गरज नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेचा १९८० ते २००२ या काळातला तपशील तपासला. वेगवेगळ्या विभागीय रेल्वेंमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण आणि उत्पादकता यांचा संबंध लावला. प्रमाण जास्त तिथे उत्पादकता घसरली असा काही पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या, म्हणजे अ आणि ब श्रेणीच्या पदांबाबत तर थोडा उलटा, चांगला परिणाम दिसल्याचं त्यांनी नोंदवलं. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही हे मान्य, पण रेल्वेएवढी मोठी आणि इतकी वर्षं आरक्षण राबवणारी दुसरी संस्था शोधायला कुठे जाणार?

‘मोठ्या साहेबाच्या मुलालाही आरक्षण कशाला’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास आणि इतर मागासवर्गाला क्रिमीलेयरची, म्हणजे सुस्थितीतल्या कुटुंबांना वगळण्याची, अट आहेच. अनुसूचित जातींबाबत ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने उपवर्गीकरणाला, म्हणजे प्रवर्गाच्या आत गट पाडायला, मान्यता दिली आणि त्यातल्या काहींनी क्रिमीलेयरच्या बाजूनेही मत मांडलं. प्रश्न खरा आहे, त्यावर समाजात बोललं जावं. पण तो तुमच्या टेबलावर सुटणार नाही. आणि समोर बसलेल्या सहकाऱ्याच्या वडिलांचा पगार हा कार्यालयीन चर्चेचा विषय होऊ शकत नाही, एवढं खडसावून सांगायचा अधिकार तुम्हाला आहे.

खासगी कंपन्यांत आरक्षण नाही म्हणून तिथे सगळं गुणवत्तेवर चालतं असं मानणारे तुमच्याकडे असतीलच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश होती, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. उत्तर देणाऱ्यांनी उमेदवाराचा चेहराही पाहिला नव्हता. कंत्राटी आणि बाह्यस्रोत भरतीत रोस्टर पाळलं जात नाही, ही याच्याशी जोडलेली गोष्ट. २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा राज्याचा शासन निर्णय विरोधामुळे रद्द करावा लागला, तरी कार्यालयागणिक कंत्राटी खुर्च्या आहेतच. दोन तट एका जागेवरून भांडत असताना शेजारच्या चार जागा दोघांच्याही हातून जातात. संघटनेच्या बैठकीत हे एकदा मांडून बघा.

रोस्टर उघडून जो निम्मा राग उरतो तो वागणुकीचा, आणि इथे मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची तक्रार जास्त गंभीरपणे घ्या. नवीन माणूस रुजू होतो. शाखाधिकारी ओळख करून देतात: ‘हे आपले नवीन, एससीतून आलेत.’ वाईट हेतू नसतो, सवय असते. पण पहिल्या मिनिटाला त्या माणसावर शिक्का बसतो आणि पुढे त्याची प्रत्येक चूक त्या शिक्क्याच्या खात्यात जमा होते. हे तोंडी समजावून थांबत नाही. ओळख नाव, पद आणि आधीच्या कामाने करून द्यायची, प्रवर्गाची माहिती आस्थापनेबाहेर जायची नाही, असं परिपत्रक काढा. माहिती बाहेर कुठून जाते हे तुम्हाला माहीत आहे: रुजू अहवालाच्या प्रतीवरून. ती प्रत शाखेला देताना प्रवर्गाचा रकाना वगळायला सांगा.

मग टेबल. लेखा, निविदा, आस्थापना, देयकं ही महत्त्वाची टेबलं. तिथे माणूस शिकतो, वरिष्ठांच्या नजरेत येतो. आवक-जावक आणि अभिलेख कक्षात वर्षानुवर्षं काढली की बढतीच्या वेळी ‘अनुभव नाही’ असा ठपका यायला मोकळा. गेल्या काही वर्षांचे कार्यवाटप आदेश काढा आणि कोणतं टेबल कुणाकडे किती काळ होतं याचा तक्ता स्वतः करा, लिपिकाकडून नको. तक्त्यात काही दिसलं नाही तर तक्रारदारांना तो दाखवता येईल. दिसलं तर टेबल बदलण्याची मुदत ठरवा आणि ती सगळ्यांना लावा. काही ज्येष्ठ मंडळी कुरकुरतील, कारण चांगल्या टेबलावरून उठायला कुणालाच आवडत नाही. तिथे जातीचा प्रश्न नसतो.

गोपनीय अहवालांचे शेरे तर एकदा ओळीने वाचाच. सारखंच काम करणाऱ्या दोघांबद्दल एकीकडे ‘पुढाकार घेतात, अवघड प्रकरणे हाताळतात’ आणि दुसरीकडे ‘दिलेली कामे वेळेत पूर्ण करतात’. दोन्ही शेरे चांगले, दोन्ही सह्या त्याच अधिकाऱ्याच्या. पण निवड समितीसमोर पहिला वर जातो, दुसरा जागेवर राहतो. प्रतिकूल शेरा नसल्यामुळे दुसऱ्याला दाद मागायलाही काही नाही, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की त्याला नुसतं जाणवतं, दाखवता येत नाही. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की फक्त प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. ती कळवताना ‘या प्रतवारीचं कारण काय’ हे दोन ओळींत लिहायला अहवाल लिहिणाऱ्याला भाग पाडा. उदाहरण द्यावं लागलं की पोकळ शेरे लिहिणं अवघड जातं.

याची दुसरी बाजू कुणी उघड बोलत नाही म्हणून मीच लिहितो. काही अधिकारी मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या चुका दाखवतच नाहीत. ‘उगाच ॲट्रॉसिटीचं लचांड नको’ म्हणून गोड शेरा लिहून मोकळे होतात. त्यामुळे त्या माणसाला सुधारायची संधी मिळत नाही, शेजारच्याला वाटतं याला सगळं माफ, आणि दोन्ही तटांची तक्रार एकाच कृतीतून जन्माला येते. कामातली त्रुटी लेखी, तारखेनिशी, सगळ्यांना एकच माप लावून दाखवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. जातीवरून अपमान करणं होतो. हा फरक तुमच्या शाखाधिकाऱ्यांना विधी शाखेच्या माणसाकडून समजावून द्या. भीती गेली की शेरे आपोआप खरे होतात, निदान निम्मे तरी.

पारदर्शकता हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर राजर्षी शाहू महाराजांचा आदेश दाखवा. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा आदेश निघाला. तो सगळ्यांना माहीत असतो. त्यातलं शेवटचं कलम फारसं कुणी वाचत नाही: खातेप्रमुखांनी आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचं विवरणपत्र दर तीन महिन्यांनी सादर करावं. नुसत्या टक्क्यांवर काम भागणार नाही हे महाराजांना तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडची तिमाही विवरणपत्रं मात्र मागच्या तिमाहीचे आकडे उतरवून पाठवली जातात, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. गोषवारा लावण्याआधी ते काम हाती घ्या. चुकीच्या विवरणपत्रावर लावलेला गोषवारा कुणी तपासला तर तुमची पत कायमची जाईल.

क्रम विचाराल तर असा ठेवा. आधी रोस्टर अद्ययावत करून मावककडून तपासून घ्या, तोवर फलकावर काहीही लावू नका. मग गोषवारा. मग कार्यवाटपाचा तक्ता आणि शेरे. दोन्ही गटांना एकत्र बसवून ‘मनमोकळी चर्चा’ वगैरे सुरुवातीलाच करू नका. कागद हातात नसताना अशी चर्चा घेतली की लोक मनातलं सगळं ओकून जातात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय आणखी वाईट होतं. हातात कागद असला की चर्चा आकड्यांवर होते.

लेखी कारण देण्याच्या सवयीची सुरुवात सेवाज्येष्ठता यादीपासून करणं सोपं पडेल. १ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती यादी काढाल तेव्हा हरकतींसाठी पुरेशी मुदत द्या, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला नियमाचा क्रमांक घालून लेखी उत्तर द्या, फेटाळली असेल तरीही. ‘आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीचं पत्र तुमच्या सहीने जाऊ देऊ नका. अंतिम यादीसोबत हरकतींचा तक्ता जोडा: हरकत काय होती, कोणत्या नियमाने काय ठरलं. पहिल्या वर्षी हरकती वाढतील, कारण आता उत्तर मिळतं हे लोकांना कळेल. त्या वाढीला घाबरून मुदत कमी करू नका.